वजन नको, लांबी बघा: .२२३ साठी व्हार्मिंट गोळी निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच भरकटायला नको. व्हार्मिंट म्हणजे कुरणाला उपद्रवी छोटे प्राणी, त्यांच्यासाठी योग्य गोळी शोधायची आहे.

रायफल: टिक्का टी३एक्स, जाड नळीची, .२२३ रेमिंग्टन, ट्विस्ट १:८. म्हणजे आठ इंच पुढे जाताना गोळी स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते. जागा: कोलोराडोच्या वेल्ड काउंटीतलं गवताळ माळरान, उंची साधारण ५,००० फूट. लक्ष्य: काळ्या शेपटीचा प्रेअरी डॉग. नावात डॉग असला तरी हा खारीच्या कुळातला. बिळाच्या तोंडाशी उभा राहिला की दिसायला जेमतेम फूटभर उंच आणि चारेक इंच रुंद. अंतर १५० ते ४०० यार्ड.

रँच खासगी आहे. मालक म्हातारबांनी परवानगी दिली ती एका अटीवर: गोळी मातीत फुटली पाहिजे, टप्पा घेऊन गाईंकडे जाता कामा नये. सगळ्या प्रकल्पाची खरी कसोटी हीच अट आहे. अचूक गोळी दुकानात पैशाला पासरी मिळते. अचूक, वाऱ्याला न डगमगणारी आणि वर मातीत फुटणारी, अशी तिन्ही अटींची गोळी शोधायची आहे.

काडतुसं मी घरीच भरतो, पण पावडरचे ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) या नोंदींत लिहिणार नाही. ते ज्याने त्याने मॅन्युअल उघडून, खालच्या आकड्यापासून सुरू करून बघावेत. दुसऱ्याच्या वहीतला भार आपल्या रायफलमध्ये भरू नये.

२१ सप्टेंबर २०२४

आज डबे उघडून व्हर्नियर हातात घेतला. हॉर्नाडीची ५५ ग्रेन व्ही-मॅक्स ०.८१ इंचाच्या आसपास. सिएराची ६९ ग्रेन मॅचकिंग ०.९० इंच. हॉर्नाडीची ७५ ग्रेन ईएलडी-एम जवळजवळ १.१२ इंच.

डब्यावर मोठ्या अक्षरांत वजन छापतात, लांबी बहुधा छापतच नाहीत. आणि ट्विस्टचा संबंध लांबीशी. हे १८७९ पासून माहीत आहे. वुलिचच्या लष्करी अकादमीत शिकवणाऱ्या ग्रीनहिलने तोफगोळ्यांसाठी साधं सूत्र दिलं होतं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. वेग २,८०० फूट प्रति सेकंदाच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० धरतात. ६९ ग्रेनच्या मॅचकिंगचं उत्तर जवळजवळ नेमकं दहा येतं, म्हणजे १:१० किंवा त्याहून जलद ट्विस्ट हवा. दीडशे वर्षांपूर्वीचं तोफेचं गणित आजच्या तांब्याच्या कवचाच्या गोळीला इतकं जवळ बसतं याची मला अजून गंमत वाटते.

लांब, निमुळत्या गोळ्यांना मात्र मिलरचं सूत्र बरं. त्यात वजन, वेग आणि हवेची घनता हे सगळं धरता येतं. उत्तर येतं ते स्थिरतेचा गुणक. एकाच्या खाली गेलं तर गोळी आडवी होते. एक ते दीडच्या दरम्यान सरळ जाते, पण हवा कापण्याची तिची क्षमता थोडी मारली जाते. दीडच्या वर निश्चिंत. प्लॅस्टिकच्या टोकाचं वजन नगण्य असतं, त्यामुळे पूर्ण लांबी सूत्रात घातली की उत्तर खऱ्यापेक्षा जरा निराशाजनक येतं. त्या बाजूची चूक मला चालते.

५ ऑक्टोबर २०२४

शेजारच्या निवृत्त मशीनिस्टकडे त्याच व्यासाच्या गोळ्यांची जुनी .२२-२५० रायफल आहे, ट्विस्ट १:१४. त्या काळी ५०–५५ ग्रेनच्या आखूड गोळ्या भन्नाट वेगाने मारायच्या, एवढाच तिचा हेतू. मिलरने ६९ ग्रेनच्या मॅचकिंगला तिथे ०.८८ दिलं, तेही आमच्या विरळ हवेचा फायदा धरून. म्हटलं, प्रत्यक्ष बघू. तो म्हणाला, कागद मोठा लाव.

१०० यार्डांवर पहिलं भोक गोल नव्हतं. कागदात गोळीची अख्खी बाजूची आकृती कापली गेली होती: एका टोकाला बोट-टेलची, म्हणजे निमुळत्या तळाची, तिरकी कड, दुसरीकडे निमुळतं नाक, आणि कडेला करड्या रंगाचा डाग. पुढची गोळी जवळजवळ वीतभर लांब लागली, तीही आडवी. तिसरी कागदावर सापडलीच नाही. लगेच ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स घातली तर त्याच नळीने नाण्याखाली झाकतील अशी भोकं पाडली.

रायफल तीच, बाकावरचा माणूस तोच. फरक लांबीचा, ०.०९ इंचाचा. भार न वाढवता मुद्दाम करून बघण्यासारखा प्रयोग आहे हा, पण मागे उंच मातीचा बांध असेल तरच. आडवी गेलेली गोळी कुठे जाईल याची हमी नाही.

६ ऑक्टोबर २०२४

कालच्या कागदावरून .२४४ रेमिंग्टन आठवलं. १९५५ मध्ये विंचेस्टरने .२४३ आणली आणि त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४. दोन्हींचा व्यास एकच, ताकद जवळजवळ सारखी. विंचेस्टरने ट्विस्ट ठेवला १:१०, रेमिंग्टनने १:१२, कारण त्यांच्या डोक्यात व्हार्मिंटच्या हलक्या गोळ्या होत्या. गिऱ्हाइकाला हवी होती अशी एक रायफल, जी उन्हाळ्यात वुडचक (बिळात राहणारा छोटा प्राणी) मारेल आणि हिवाळ्यात १०० ग्रेनच्या गोळीने हरीण. .२४४ मागे पडली. १९६३ मध्ये तेच काडतूस १:९ ट्विस्ट देऊन ६ एमएम रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणावं लागलं, तोवर बाजार .२४३ ने खाल्ला होता. ट्विस्टच्या दोन इंचांनी एक चांगलं काडतूस बुडवलं.

.२४४ च्या मुळाशी फ्रेड हंटिंग्टन होता, आरसीबीएस वाला. आमच्या सगळ्यांच्या टेबलावर ज्याचे हिरवे प्रेस असतात तो. आरसीबीएस मधली पहिली दोन अक्षरं रॉक चक या प्राण्याची. त्याचे पहिले साचे .२२ रिमफायरच्या वापरलेल्या पुंगळ्यांतून व्हार्मिंट गोळ्या दाबून काढायचे. युद्धकाळात गोळ्या मिळत नव्हत्या तर लोकांनी कचऱ्यातून केल्या.

२६ ऑक्टोबर २०२४

ट्विस्ट १:८ आहे म्हणजे लांबीचा प्रश्न सुटला, असं नाही. लांब गोळी काडतुसात बसवायची कुठे?

.२२३ ची सामीने (अमेरिकी शस्त्र-काडतूस उत्पादकांची मानकं ठरवणारी संस्था) ठरवलेली कमाल एकूण लांबी २.२६० इंच. ७५ ग्रेनची ईएलडी-एम त्या मापात बसवली तर गोळीचा सरळ भाग संपून निमुळता भाग पुंगळीच्या तोंडाच्या आत जातो. तोंडाशी पकड राहत नाही, बारीक फट दिसते. या गोळीने मॅगझिनच्या मापात मावावं अशी हॉर्नाडीची अपेक्षाच नाही. त्यासाठी त्यांनी ७३ ग्रेनची वेगळी ईएलडी-एम काढली, नाक आखूड करून. किंमत हवेच्या गुणकात मोजली (हवा कापण्याची क्षमता, जितका मोठा तितकी चांगली): ७५ चा जी१ गुणक ०.४६७, ७३ चा ०.३९८.

माझी बोल्टची रायफल, एकेक गोळी हाताने भरली तरी चालतं, म्हणून मॅगझिन सोडून दिलं. आता थ्रोट, म्हणजे चेंबरच्या पुढची, नळीतले आटे सुरू होईपर्यंतची जागा. तळाला आटे पाडलेली खास पुंगळी गेजच्या दांड्यावर लावली, गोळी सैल ठेवून चेंबरमध्ये सरकवली आणि हलक्या बोटाने दांडी ढकलली. लँड्सना, म्हणजे नळीतल्या आट्यांच्या उंच कडांना, टेकली की हाताला कळतं. जोर लावला तर गोळी रुतते आणि माप खोटं येतं, म्हणून तेच माप सारखं येईपर्यंत करत राहायचं. कंपॅरेटरने तळापासून ओजाइव्हपर्यंत, म्हणजे नाकाच्या वळणापर्यंत, मोजायचं. टोकापर्यंत मोजण्यात अर्थ नाही, प्लॅस्टिकची टोकं एका डब्यातसुद्धा सारखी नसतात.

निष्कर्ष: या नळीचा थ्रोट लांब आहे. ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स लँड्सजवळ न्यायची म्हटली तर पुंगळीच्या मानेत तिचा तळ जेमतेम टेकतो. तिला उडी मारूनच जावं लागणार. ७५ ग्रेनची लँड्सना सहज पोचते आणि मानही तिला नीट धरते. कारखान्याने ही रायफल लांब गोळ्यांसाठीच कापली आहे, हे ट्विस्टपेक्षा थ्रोटने जास्त स्पष्ट सांगितलं.

१६ नोव्हेंबर २०२४

वारा नसलेली सकाळ मिळाली. खोलीची, म्हणजे गोळी पुंगळीत किती आत बसवायची याची, चाचणी: लँड्सपासून ०.०१०, ०.०४०, ०.०८० आणि ०.१२० इंच अंतर. गोळ्या बनवणारे बर्जरवाले त्यांच्या लांब नाकाच्या व्हीएलडी गोळ्यांसाठी साधारण असेच मोठे टप्पे सुचवतात, आणि पद्धत कुठल्याही लांब नाकाच्या गोळीला लागू पडते. हजाराव्या भागांशी खेळत बसण्याआधी गाव सापडलं पाहिजे, घर नंतर.

७५ ग्रेनच्या ईएलडी-एमला ०.०४० ला १०० यार्डांवर दहा गोळ्यांचा गट ०.६ इंचात आला, ०.१२० ला तीच गोळी इंचाच्या पुढे पसरली. मॅचकिंगला फारसा फरक पडला नाही. तिचं नाक टँजंट ओजाइव्हचं, सरळ भागातून अलगद वळणारं, म्हणून ती खोलीबद्दल नखरे करत नाही. सीकंट नाकाच्या, म्हणजे सरळ भागाशी कोन करून निमुळत्या होणाऱ्या, गोळ्या हवेत उत्तम, चेंबरमध्ये हट्टी.

दहा गोळ्यांचा हट्ट का, असं रेंजवर एकाने विचारलं. तीन गोळ्यांचे गट फोटोत छान दिसतात. त्याच भाराचे तीन-तीनचे गट मारत गेलो तर एक अर्धा इंच येतो, पुढचा एक इंच, आणि माणूस अर्ध्या इंचाचा जपून ठेवतो.

जाता जाता: ५० मीटर रिमफायरवाल्यांना हा खेळ घरी करताच येत नाही. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, त्या प्रकारात काडतूस कारखान्यातूनच भरून येतं, आणि नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून मारून जो मानवेल तो उचलतात. आपण खोली बदलतो, ते लॉट बदलतात. नळीला काय आवडतं ते विचारायची पद्धत एकच. बाकी भारतात घरी काडतूस भरण्याचा विचारही करू नये, १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली परवान्याशिवाय तो सरळ गुन्हा आहे.

१८ जानेवारी २०२५

कडाक्याची थंडी, उणे दहा सेल्सिअस. मुद्दाम आजच गेलो.

थंड हवा जड असते, जड हवेत गोळीला सरळ राहायला जास्त फिरकी लागते. ७५ ग्रेनच्या गोळीचा मिलर गुणक माझ्या नळीत समुद्रसपाटीला १.२१, इथे आजच्या थंडीत १.३२, इथेच जुलैच्या ३२ अंशांत १.५४. गोळी तीच, ट्विस्ट तोच. म्हणजे कोणी आमच्याकडच्या उन्हाळ्यात चाललेली लांब गोळी घेऊन हिवाळ्यात समुद्रकाठी गेला तर त्याला वेगळंच काडतूस हातात असल्यासारखं वाटेल. आज भोकं गोल आली, गट नेहमीपेक्षा किंचित मोठा. बोटं गारठली होती, त्यामुळे दोष गोळीला देत नाही.

९ फेब्रुवारी २०२५

नेब्रास्कातल्या मामेभावाचा फोन. त्याने नवी रायफल घेतली, तीही .२२३, पण ट्विस्ट १:१२.

“दादा, दुकानदार म्हणतो साठ ग्रेनपर्यंत चालतं. बासष्टची घेऊ का, दोनच ग्रेन तर जास्त आहेत.”

“वजन सांगू नकोस रे, लांबी मोज. कुठली बासष्ट?”

“ती नवीन, ईएलडी-व्हीटी.”

“मग मुळीच नको. तुला ५३ ची व्ही-मॅक्स घे.”

“पण ती तर ५५ पेक्षा हलकी.”

हलकी आहे आणि हवा जास्त चांगली कापते. हेच लोकांना पटत नाही. ५५ ग्रेनच्या व्ही-मॅक्सचा गुणक ०.२५५, ६० ग्रेनचीचा ०.२६५ आणि ५३ ग्रेनचीचा ०.२९०. दोन ग्रेन कमी, पण घडण नवीन आणि नाक जास्त निमुळतं. भाऊ ग्रँड आयलंडपासून गाडीने तासाभरावर राहतो, जिथे जॉइस हॉर्नाडीने १९४९ मध्ये गोळ्यांचा धंदा सुरू केला. म्हटलं, गावची गोळी वापर.

२३ फेब्रुवारी २०२५

आता म्हातारबांची अट. कागदावर ७५ ग्रेनची ईएलडी-एम निर्विवाद पुढे आहे. ४०० यार्ड, ताशी दहा मैलांचा आडवा वारा, आमच्या उंचीवर: ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स साधारण १७ इंच वाहते, ७५ ग्रेनची साडेदहा. चार इंच रुंद प्राण्यासाठी साडेसहा इंचांची सवलत म्हणजे चैन. आणि इथे दुपारपर्यंत दहा मैलांचा वारा म्हणजे वारा नाहीच, असं लोक समजतात.

पण ती मॅचची गोळी. कवच कागदावर सारखं यावं म्हणून बनवलेलं, फुटावं म्हणून नव्हे. रँचवर मागे टेकडी असलेल्या कोरड्या, घट्ट मातीवर ३०० यार्डांवरून मारून बघितलं. व्ही-मॅक्स लागली की धुळीचा भपका आणि शांतता. ७५ ग्रेनच्या गोळीने मधूनच ती लांबत जाणारी शीळ घातली, जी ऐकली की रँचवाला माणूस मान वळवतो. म्हातारबा गाडीच्या बॉनेटला टेकून कॉफी पीत होते. शीळ ऐकून कप खाली ठेवला, बोलले काही नाहीत. ७५ ग्रेनची या रानासाठी बाद. रेंजवर, कागदावर, तिची जागा आहेच.

उलट टोकही आहे. फार पातळ कवचाच्या गोळ्या जलद ट्विस्टमध्ये हवेतच विरतात. १:८ ट्विस्टमधून ३,२५० फूट वेगाने गोळी मिनिटाला २,९०,००० च्या वर फेरे घेते. हॉर्नाडीची एसएक्स वगैरे जुन्या मवाळ गोळ्या मंद ट्विस्ट आणि मध्यम वेगासाठी आहेत. माझ्या नळीतून त्या नकोत. व्ही-मॅक्सचं कवच इतक्या फिरकीला टिकतं, तेवढं मी बघून घेतलं.

२२ मार्च २०२५

शिशाशिवायची गोळी. रँचवर बिळातली घुबडं आहेत आणि मोठे ससाणे मेलेले प्रेअरी डॉग उचलतात. फुटलेल्या गोळीतले शिशाचे बारीक कण त्यांच्या पोटात जातात, हा प्रश्न काल्पनिक नाही. कॅलिफोर्नियाने तर कॉन्डॉर गिधाडांपायी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्याच पूर्ण बंद केल्या.

इथेही गाडी लांबीवरच येते. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. तेवढंच वजन तांब्यात हवं तर गोळी लांब होणार, लांब झाली की ट्विस्ट जलद हवा. म्हणून बार्न्सची व्हार्मिंट ग्रेनेड, तांबं-कथलाच्या भुकटीची, .२२४ मध्ये ३६ आणि ५० ग्रेनचीच मिळते. माझ्या १:८ ला ५० ग्रेनची छान बसली, दोनशे यार्डांपर्यंत अचूकही आहे, आणि मातीत पीठ होते. चारशेला वाऱ्यापुढे टिकत नाही. घुबडांच्या बाजूच्या वसाहतीत हीच वापरायची, असं ठरवलं.

१२ एप्रिल २०२५

अखेर ६२ ग्रेनची ईएलडी-व्हीटी. हॉर्नाडीने २०२४ मध्ये .२२ एआरसी या काडतुसाबरोबर आणली. ६९ ग्रेनच्या मॅचकिंगपेक्षा सात ग्रेन हलकी आणि तरी लांब. टोकाखाली पोकळी सोडली आहे, शिसं मागे ढकललं आहे. लांब नाक हवेसाठी, पोकळी फुटण्यासाठी. म्हणजे बऱ्याच दिवसांत कोणीतरी जलद ट्विस्टची नळी समोर ठेवून व्हार्मिंट गोळी आखली.

एक डबा तळापासून ओजाइव्हपर्यंत मोजला. बहुतेक गोळ्या दोन हजारांश इंचात, थोड्या वेगळ्या पडल्या त्या नळी तापवायला ठेवल्या. खोलीला ती ७५ ग्रेनच्याइतकी हट्टी निघाली नाही. ०.०३० ते ०.०६० मध्ये कुठेही पाऊण इंचाच्या आत दहा गोळ्या. त्याच मातीवर मारली: भपका, शीळ नाही. म्हातारबांनी या वेळी कप हातातच ठेवला.

२१ जून २०२५

रानात पहिला पूर्ण दिवस. सकाळी २५० यार्डांच्या आत ५३ ग्रेनची व्ही-मॅक्स, मॅगझिनमधून. सपाट जाते, स्वस्त आहे, मॅगझिनमध्ये मावते. तिची उडी लांब असूनही गट पाऊण इंचाचा, लँड्सजवळच गेलं पाहिजे हा नियम नाही याचा पुरावा. दहानंतर पश्चिमेचा वारा उठला तशी ६२ ची काढली. साडेतीनशेला वाऱ्यासाठी धरायचं अंतर ५५ च्या मानाने बरंच कमी झालं, ७५ पेक्षा जरा जास्त. कागदावरच्या फरकापेक्षा महत्त्वाचं हे, की वाऱ्याचा अंदाज दोन-तीन मैलांनी चुकला तरी गोळी अजून प्राण्याजवळ पडते, नुसत्या गवतात नाही. चुकलेली गोळी कुठे पडली ते धुळीवरून दिसतं आणि पुढची दुरुस्त करता येते. शीळ घालत गेलेली गोळी काहीच शिकवत नाही.

नळी लवकर तापते. दोन्ही भार सावकाश मारायचे, मध्ये बोल्ट उघडा ठेवायचा.

६ जुलै २०२५

६२ ची एकाच लॉटची मोठी खरेदी केली, डब्यांवरचा लॉट नंबर वहीत लिहिला. नवा लॉट आला की आधी ओजाइव्हचं माप, मग भार पुन्हा खालून. ७५ ग्रेनचे उरलेले डबे रेंजसाठी कपाटात वरच्या फळीवर, लाल चिठ्ठी लावून: रँचवर न्यायचे नाहीत. ६९ च्या मॅचकिंग शेजाऱ्याला देऊ केल्या तर तो म्हणाला, आधी नळी बदलू दे. त्याने १:८ ची ऑर्डर दिली आहे. ती आली की थ्रोटचं माप त्याच्या गेजने घेऊ, माझ्या गेजची आटे पाडलेली पुंगळी .२२३ ची, .२२-२५० ला वेगळी मागवावी लागेल.